मोरस बेटावरचे शनिवार: मीटअप, मंडळी आणि शेवटची बस

निळी_छत्री | १९ जुलै, रात्री १०:२०

मॉरिशसला येऊन आठ महिने झाले. एबेन या इथल्या सायबरसिटीत, एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. परवा पुण्याच्या मैत्रिणीने विचारलं, "शनिवारी काय करता गं तिकडे? समुद्रावर पडून असता?" तिला फोनवर सांगत बसले आणि वाटलं, हे लिहूनच काढावं.

पहिले तीन महिने खरंच समुद्रावर गेलो. मग मुलगा (वय नऊ) म्हणाला, आई, पाणी तेच आहे. तेव्हा ऑफिसातल्या एका मुलीने सांगितलं की एबेनला पायथनवाल्यांचा (पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा) मीटअप आहे, ये.

गेले. मोजून एकोणीस माणसं. पुण्यात अशा कार्यक्रमाला दीडशे नावनोंदण्या होतात, साठ येतात आणि त्यातले वीस समोशांसाठी येतात. इथे एकोणीसांनी नाव दिलं होतं आणि एकोणीस आले. भाषण इंग्रजीत सुरू झालं, प्रश्न फ्रेंचमध्ये आले, हशा मात्र क्रेओलमध्ये, म्हणजे इथल्या बोलीत, पिकला. मी इंग्रजीपुरती हजर होते. समोशांच्या जागी गातो पिमां, म्हणजे डाळीचे तिखट वडे. आपल्या डाळवड्याचा धाकटा भाऊ म्हणा.

प्रोजेक्टर चालेना. एक पन्नाशीचे गृहस्थ उठले, पिशवीतून स्वतःची केबल काढली, स्वतःचं एक्स्टेंशन बोर्ड काढलं आणि दोन मिनिटांत पडद्यावर चित्र आणलं. नंतर दोन तास ते माझ्या शेजारी बसले होते. आम्ही इंग्रजीत बोललो. त्यांनी आडनाव सांगितलं, ते मला कुठल्या बाजूचं हे कळलं नाही. साडेचारला सगळ्यांची चुळबुळ सुरू झाली. वक्ता कंटाळवाणा होता असं मुळीच नाही, लोक बसची वेळ बघत होते. जुलैत इथे पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि गावाकडच्या बस साडेसहाच्या सुमारास बंद होतात. ज्यांच्याकडे गाडी होती त्यांनी उभ्या उभ्या हिशेब केला: तू क्युरपिपची बाजू घे, मी उत्तरेकडच्या दोघांना सोडतो. मला एका अनोळखी बाईंनी घरापर्यंत सोडलं.

आता खरी गोष्ट. तीन आठवड्यांनी वाकोआकडच्या एका मराठी मंडळाच्या सभागृहात गेले. गणपतीच्या कार्यक्रमाची तालीम होती, मुलाला नाचात घ्यायचं होतं. आत शिरले तर स्टुलावर उभे राहून माइकची वायर जोडणारे तेच गृहस्थ! तीच पिशवी, तेच एक्स्टेंशन बोर्ड. मला बघून वरूनच म्हणाले, "तुम्ही त्या पायथनवाल्या ना? जरा ती पट्टी द्या."

मराठीत!

दोन तास शेजारी बसून आम्ही एकमेकांशी इंग्रजी झाडत होतो.

तर धागा यासाठी: इथे कोणी मराठी तंत्रज्ञानवाले आहेत का? आणि अशा लहान जागी या गोष्टी कशा चालतात याचे तुमचे अनुभव ऐकायचे आहेत. मॉरिशसचेच हवेत असं नाही.

---

कोथरूडचा_चहा | १९ जुलै, रात्री ११:०५

मस्त. एक व्यावहारिक प्रश्न. मला तिथल्या एका कंपनीचा कॉल आलाय. फ्रेंच येत नाही तर निभतं का?

---

निळी_छत्री | २० जुलै, सकाळी ८:१०

@कोथरूडचा_चहा, ऑफिसात निभतं. सरकारी कागद इंग्रजीत, वर्तमानपत्रं बहुतेक फ्रेंचमध्ये, भाजीवाला क्रेओलमध्ये. "की मान्येर?" म्हणजे कसं काय, आणि उत्तर "कोरेक". एवढ्या भांडवलावर मी आठ महिने काढले. येताना तीन चपट्या पिनांची इंग्लिश प्लग-पट्टी मात्र आणा. आपले गोल पिनांचे प्लग इथे बहुतेक ठिकाणी बसत नाहीत.

---

झाकरी_वाकोआ | २० जुलै, दुपारी १:३०

नमस्कार. मी मॉरिशसचा आहे. आमच्या घराण्याची इथली ही पाचवी पिढी. मराठी मी शाळेत शिकलो आणि पुढे मोका येथील महात्मा गांधी संस्थेत शिकलो. म्हणून माझी मराठी थोडी पुस्तकी वाटेल, सांभाळून घ्या.

निळी_छत्रीताई, ते गृहस्थ कोण हे मला वाचता वाचताच कळले. नाव लिहीत नाही. बेट लहान आहे.

आडनावाविषयी सांगतो. आमचे पूर्वज रत्नागिरी, सावंतवाडी, सातारा या बाजूंनी ऊसमळ्यांत मजुरीला आले. बंदरावर उतरल्यावर नोंद करणारा कारकून नाव विचारी, बापाचे नाव विचारी. तेच पुढे कागदावर चिकटले. म्हणून इथे मराठी माणसाचे आडनाव सखाराम, बाबाजी, भिवाजी असे असते. तेही इंग्रजी-फ्रेंच स्पेलिंगमध्ये पिळून. तुम्हाला ओळखू आले नाही यात तुमचा दोष नाही. कुळकर्णी आणि देशपांडे बोटीवर चढले नव्हते.

दुसरे, गणपतीची तारीख. यंदा, २०२५ मध्ये, भारतात चतुर्थी २७ ऑगस्टला आहे. इथली राष्ट्रीय सुट्टी २८ ला, म्हणजे बहुतेक घरच्या विसर्जनाच्या दिवशी. नवीन आलेले लोक चुकीच्या दिवशी रजा टाकतात.

---

निळी_छत्री | २० जुलै, दुपारी १:४२

मी २७ चीच टाकली आहे. :(

---

राजापूरकरीण | २० जुलै, दुपारी ३:१५

"मोरस" हा शब्द शीर्षकात बघून थांबले. आमची आजी पांढऱ्या साखरेला मोरस साखर म्हणायची. गावठी गूळ वेगळा, मोरस वेगळी. मला लहानपणी वाटे की मोरस हा साखरेचा गुण आहे, म्हणजे दाणेदार वगैरे. ती त्या बेटावरून येणारी साखर, हे पन्नाशीत कळलं.

आणि तिच्याच तोंडून ऐकलेलं: तिच्या आज्याचा एक भाऊ "मोरसला गेला तो गेलाच". घरात त्याच्या नावाने पान वाढायचे की नाही यावर वाद होत, कारण मेल्याचं कळवायला कोणी आलंच नव्हतं. झाकरी_वाकोआ, अशा माणसाचा काही माग लागतो का हो? इतक्या वर्षांनी?

---

रोखठोक | २० जुलै, संध्याकाळी ६:५०

लेख छान आहे, पण जरा वास्तवात या. साडेबारा लाखांच्या आसपास लोकसंख्येचं बेट. आपल्या एका पिंपरी-चिंचवडमध्ये याहून जास्त माणसं राहतात. तिथे तंत्रज्ञान म्हणजे कॉल सेंटर, बॅकऑफिस आणि कर वाचवायला काढलेल्या कंपन्यांचे पत्ते. एकोणीस माणसं जमली याचं कौतुक एखाद्या वाचनालयाच्या वर्धापनदिनाला शोभेल. जगाला काय दिलं त्यांनी?

---

तिसरी_केबल | २० जुलै, रात्री ९:३०

नेटवर्कमध्ये पंचवीस वर्षं काढली, त्यातली थोडी त्या बेटावर. रोखठोक यांना उत्तर नंतर देतो, आधी एबेनबद्दल.

ही सायबरसिटी भारताने दिलेल्या कर्जाच्या मदतीने उभी राहिली. पूर्वी तिथे ऊस होता. आफ्रिका खंडाला इंटरनेटचे पत्ते वाटणारी संस्था आफ्रिनिक, तिचं मुख्यालय तिथेच. म्हणजे कैरोतल्या किंवा नैरोबीतल्या कंपनीला आयपी पत्त्यांचा गठ्ठा हवा असेल तर अर्ज या उसाच्या रानात येतो.

बेटावर नेटवर्कचं काम करणं म्हणजे काय, हे पुण्यात बसून कळत नाही. पुण्यात एक फायबर तुटली तर वाहतूक दुसरीकडून वळते, गिऱ्हाइकाला पत्ताही लागत नाही. बेटाला मोजक्या नाळा असतात. २००२ मध्ये सेफ नावाची समुद्री केबल आली: दक्षिण आफ्रिकेहून रियुनियन, तिथून मॉरिशसच्या दक्षिण किनाऱ्यावर बे दी जाकोते, मग थेट आपल्या कोचीला आणि पुढे मलेशियात पेनांगला. त्याआधी सगळा भार उपग्रहावर. उपग्रहावरून बोलताना मधे जो रिकामा श्वास पडतो तो ज्यांनी ऐकलाय त्यांना सेफचं मोल कळेल. २००९ च्या सुमारास लायन केबल आली, २०२१ मध्ये मेटिस.

केबल म्हणजे काय? खोल समुद्रात बागेतल्या पाण्याच्या पाइपाएवढी जाड. आत केसासारखे काचेचे धागे. दर साठ-ऐंशी किलोमीटरवर एक रिपीटर, म्हणजे मंदावलेला प्रकाश पुन्हा जोर देऊन पुढे पाठवणारं यंत्र, त्याला वीज किनाऱ्यावरून. कोची ते मॉरिशस सरळ रेषेत साधारण ३,९०० किमी. काचेत प्रकाश सेकंदाला दोन लाख किमी जातो, म्हणजे जाऊन येऊन चाळीस मिलिसेकंद हा निसर्गाचा कर. तो कोणी माफ करत नाही.

त्यामुळे तिथली माणसं एक गोष्ट लवकर शिकतात: जे बेटावर भागतं ते बेटावरच भागवा. एबेनमध्ये इंटरनेट एक्स्चेंज आहे. त्याच्यामुळे रोझ-हिलच्या माणसाने क्युरपिपच्या माणसाला पाठवलेली फाइल समुद्र ओलांडून परत येत नाही. याच्या मागे सभा, चहा, कोणी कोणाला फोन करायचा, असलीच कामं असतात. तुमच्या एकोणीसातले चारपाच या खोल्यांत बसलेले असतील, खात्रीने सांगतो.

---

निळी_छत्री | २१ जुलै, सकाळी ७:५५

@रोखठोक, जगाला काय दिलं म्हणता? मीही हे इथे येऊन वाचलं, म्हणून भाव खात नाही, पण ऐका.

ब्राउझरमध्ये कुलपाचं चिन्ह दिसतं त्यामागे टीएलएस नावाचा करार असतो. त्याची १.३ ही आवृत्ती ऑगस्ट २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. ती पक्की होण्याआधी आयईटीएफच्या (इंटरनेटचे तांत्रिक नियम ठरवणाऱ्या संस्थेच्या) हॅकेथॉनमध्ये, म्हणजे एकत्र बसून कोड लिहिण्याच्या बैठकीत, वेगवेगळ्या सॉफ्टवेअरांत ती बसवून बघायचं काम चाललं होतं, आणि त्यात मॉरिशसचा हॅकर्स डॉट एमयू हा गट इथूनच, बेटावर बसून, भाग घेत होता. सभा लंडनला असो नाहीतर सिंगापूरला, पोरं इथे लॅपटॉप घेऊन एकत्र जमायची.

पुढे आरसी४ ही जुनी, कच्ची झालेली सांकेतिक पद्धत एसएसएचमधून (दूरच्या सर्व्हरवर लॉगिन करायच्या पद्धतीतून) हद्दपार करणारा दस्तऐवज एप्रिल २०२० मध्ये निघाला, आरएफसी ८७५८ (आयईटीएफच्या अशा दस्तऐवजांना आरएफसी म्हणतात). त्याच्या लेखकांत लोगनाडेन वेलविंड्रोन हे नाव आहे, मॉरिशसचं. डिसेंबर २०२१ मधल्या आरएफसी ९१५५ वरही तेच नाव, तिथे टीएलएसमधून एमडी५ आणि शा-१ या जुन्या पद्धतींच्या डिजिटल सह्या निवृत्त केल्या. तुम्ही आज सर्व्हरवर लॉगिन केलंत ना? त्यातला एक खिळा इथे ठोकला गेलाय.

शिवाय लिनक्सवाल्यांचा गट आहे, फ्रंटएंडवाल्यांचा आहे. मॉरिशस सॉफ्टवेअर क्राफ्ट्समनशिप कम्युनिटी आहे, तीही दहा वर्षांहून जुनी. एका जर्मन रहिवाशाने सुरू केली. डेव्हलपर्स कॉन्फरन्स भरवतात ती हीच मंडळी. मी अजून गेले नाहीये, जाईन तेव्हा लिहीन.

---

रोखठोक | २१ जुलै, सकाळी ९:२०

आरएफसी उघडून पाहिले. नाव आहे. एवढं मान्य.

तरी माझा मुद्दा आकाराचा होता. दोन-तीन हुशार माणसं निघून गेली की असे गट बंद पडतात. पाच वर्षांनी या धाग्यावर भेटू.

---

झाकरी_वाकोआ | २१ जुलै, दुपारी १२:४०

रोखठोक यांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. माणसे जातात: फ्रान्स, कॅनडा, ऑस्ट्रेलिया. माझी धाकटी बहीण गेली. गट बंद पडतात, मग वर्षभराने दुसऱ्या नावाने तीच माणसे पुन्हा जमतात. आमच्या मंडळांचेही असेच आहे. भांडण होते, दुसरे मंडळ निघते, गणपतीला दोन्ही मंडळांना एकच ढोलवाला लागतो आणि भांडण मिटते. सांगतात की १८९६ मध्ये कास्काव्हेलला गणपती बसला तो इथला पहिला. तेव्हापासून किती मंडळे फुटली याची मोजदाद नाही. गणपती बसायचा राहिला नाही.

राजापूरकरीणताई, तुमच्या प्रश्नाला आता उत्तर देतो. काल मुद्दाम दिले नाही, एका शिक्षकांना विचारून घेतले.

माग लागू शकतो. २ नोव्हेंबर १८३४ ला अ‍ॅटलस नावाच्या जहाजातून ३६ मजूर पोर्ट लुईला उतरले, तिथून ही सुरुवात झाली. १९२० पर्यंत साडेचार लाखांच्या वर माणसे आली. ती जिथे उतरली तो आप्रवासी घाट २००६ पासून जागतिक वारसा आहे आणि २ नोव्हेंबरला आम्हाला सुट्टी असते. प्रत्येक मजुराला एक क्रमांक मिळे. जहाजाचे नाव, वय, बापाचे नाव, गाव, उंची, अंगावरची खूण, सगळे वहीत. पुढच्या काळातल्या काहींची छायाचित्रेही आहेत. या वह्या मोका येथील महात्मा गांधी संस्थेच्या संग्रहात आहेत.

अडचण स्पेलिंगची. कारकून इंग्रज किंवा फ्रेंच, नाव सांगणारा कोकणातला, बाहेर समुद्राचा आवाज. 'राजापूर' कसे लिहिले असेल ते देव जाणे. तुम्ही आज्याच्या भावाचे नाव, त्याच्या बापाचे नाव आणि साधारण कोणत्या दशकात गेला एवढे मला खासगी निरोपात कळवा. इथे उघड लिहू नका.

---

राजापूरकरीण | २१ जुलै, दुपारी २:०५

कळवलं. हात थरथरत होते टंकताना. बापाचं नाव मला ठाऊक नव्हतं, भावाला फोन केला, त्याने देव्हाऱ्यामागची वंशावळ काढली.

---

महेबूरची_सून | २१ जुलै, रात्री ८:००

सांगली जिल्ह्यातली मी, लग्न करून महेबूरला आले, आता तेरा वर्षं होतील. कॉम्प्युटरमधलं मला काही कळत नाही, पण माणसं कशी जमतात हे विचारलंत म्हणून लिहिते.

२५ जुलै २०२० ला वाकाशियो नावाचं जपानी मालकीचं जहाज आमच्याकडे प्वांत देस्नीसमोर प्रवाळावर चढलं. दहाबारा दिवस नुसतं उभं. येणारेजाणारे फोटो काढायचे. ६ ऑगस्टला तेल गळायला लागलं आणि सकाळी खाडीचा रंगच बदललेला. वास असा की डोकं धरायचं. हजारएक टन तेल समुद्रात गेलं.

कोणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलं की तेल अडवायला पाचट चालतं. उसाचं पाचट! आमच्या सांगलीत ते जाळतात. इथे ट्रकच्या ट्रक भरून महेबूरच्या धक्क्यावर आलं. कापडाच्या, जाळीच्या लांब लांब नळ्या शिवायच्या, त्यात पाचट कोंबायचं, तरंगायला रिकाम्या प्लास्टिकच्या बाटल्या बांधायच्या. पाहता पाहता शेकडो मीटरच्या वाती तयार झाल्या. सलूनवाल्यांनी केस पाठवले, केसांना तेल चिकटतं म्हणून. पोरींनी स्वतःचे केस कापून दिले. सासूबाई गुडघ्याने अधू, त्या खुर्ची टाकून बाटल्यांची झाकणं घट्ट करत बसल्या होत्या. कुठे पाचट संपलंय, कुठे सुया हव्यात, कुठे जेवण पोचलं नाही, सगळं फोनवरच्या ग्रुपांत. त्या दिवसांत पोर्ट लुईचे कॉम्प्युटरवाले कोण आणि आमचे कोळी कोण, ओळखू येत नव्हतं. सगळे काळे.

आणि नंतर चौकशीत काय निघालं? जहाज किनाऱ्याच्या इतकं जवळ का आलं, तर खलाशांना मोबाइलला सिग्नल हवा होता.

---

तिसरी_केबल | २१ जुलै, रात्री ८:२५

या प्रतिसादाला दंडवत.

---

रोखठोक | २१ जुलै, रात्री ८:४०

पाचटाचं माहीत नव्हतं. बाई, लिहीत जा.

---

हॅम_नाशिक | २२ जुलै, सकाळी ६:३०

अवांतर होईल, पण राहवत नाही. आम्हा हौशी रेडिओवाल्यांच्या वहीत मॉरिशसची हाकेची खूण (कॉलसाइन) म्हणजे थ्री-बी-एट आणि रॉड्रिग्जची थ्री-बी-नाइन. रॉड्रिग्ज हे मॉरिशसचंच धाकटं बेट, पूर्वेला ५६० किमीवर. तिथे समुद्री केबल पोचली ती थेट २०१९ मध्ये, तोवर उपग्रहच. नाशिकहून वीस मीटरच्या बँडवर पहिल्यांदा थ्री-बी-नाइन ऐकलं तेव्हा मी बायकोला झोपेतून उठवलं होतं. तिने विचारलं, "काय म्हणाला तो?" म्हटलं, "आवाज पाच-नऊ येतोय म्हणाला." (म्हणजे अगदी स्वच्छ.) ती परत झोपली.

मॉरिशसचा पहिला उपग्रह मिर-सॅट१ जून २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरून, जपानी किबो कक्षातून सोडला गेला. ठोकळा दहा सेंटिमीटरचा. मिठाईच्या खोक्याएवढा.

---

कोथरूडचा_चहा | २२ जुलै, सकाळी १०:००

या धाग्यामुळे कंपनीला हो म्हणायच्या बेतात आहे. निळी_छत्री, घर कुठे बघू?

---

निळी_छत्री | २२ जुलै, रात्री ९:४५

मेट्रोच्या रेषेवर बघा. आपल्या एल अँड टीने बांधली आहे. २०२० पासून पोर्ट लुई ते रोझ-हिल, २०२२ मध्ये क्युरपिपपर्यंत आणि २०२३ पासून रोझ-हिलहून एबेनमार्गे रेजुईला फाटा. कात्र बोर्न किंवा रोझ-हिल धरलंत तर संध्याकाळच्या कार्यक्रमांना जाता येतं. पश्चिमेला समुद्राकाठचं स्वस्त घर घेतलंत तर फोटो छान येतील आणि साडेसहानंतर घरात बसाल. क्युरपिपला धुकं, पाऊस आणि बुरशी. स्वेटर लागतो, हसू नका.

चक्रीवादळांचे दिवस साधारण नोव्हेंबर ते मे. क्लास थ्रीचा इशारा लागला की बस बंद, ऑफिस बंद, मीटअपचा तर प्रश्नच नाही. जानेवारी २०२४ मध्ये बेलालच्या वेळी पोर्ट लुईच्या रस्त्यांवरून गाड्या वाहून गेल्याचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील.

---

निळी_छत्री | १० ऑगस्ट, रात्री १०:३०

धागा वर काढते आहे. काल, शनिवारी, आम्ही एक प्रयोग केला.

झाकरी_वाकोआ यांच्या मंडळाच्या सभागृहात दुपारी मुलांना मोबाइलवर आणि लॅपटॉपवर देवनागरी टंकायला शिकवायचं ठरवलं. इथल्या मुलांचं गणित उलटं आहे. पुण्यातल्या माझ्या भाच्याला मराठी बोलता येतं, लिहायचा कंटाळा. या मुलांना शाळेत शिकल्यामुळे देवनागरी सुरेख लिहिता येतं, शुद्धलेखन माझ्यापेक्षा बरं, पण घरात क्रेओल. म्हणजे लिपी आहे, बोलायला माणूस नाही.

एका संस्थेने लॅपटॉप देतो म्हणून ऐनवेळी हात वर केले. नऊ लॅपटॉप जमले ते पायथनवाल्यांकडून. त्यांत दोन तमिळ मुलगे, एक चिनी वंशाची मुलगी आणि एक मुस्लिम गृहस्थ. मराठीशी यांपैकी कोणाचाच संबंध नाही. चिनी मुलीने कीबोर्डचं सेटिंग सगळ्यांना लावून दिलं आणि मग स्वतःही 'ळ' टंकायला शिकली. तिला तो आकार आवडला. उच्चार काही जमला नाही.

गोंधळ भरपूर. मुलं इंग्रजी अक्षरांतून मराठी टंकायची, पण स्पेलिंग फ्रेंच धाटणीने करायची. 'उ' साठी ओ आणि यू जोडून टाकायची, मग 'उंदीर' च्या जागी 'औंदीर'. दहा वर्षांच्या एका मुलीने कंटाळून सरळ देवनागरी कळफलक लावला आणि सगळ्यांच्या आधी 'श्री गणेशाय नमः' टंकून मोकळी झाली. विसर्गासकट.

एक्स्टेंशन बोर्डवाले गृहस्थ अर्थातच होते. या वेळी माझ्याशी फक्त मराठीत बोलले, आणि मी 'प्रेझेंटेशन' म्हटलं तेव्हा "सादरीकरण" म्हणून दुरुस्त केलं.

आलेल्यांमध्ये एक आजोबा होते. त्यांनी नातवाकडून फोनवर एक वाक्य टंकून घेतलं आणि भारतातल्या कोणाला तरी पाठवायला सांगितलं. कोणाला, म्हणून नातवाने विचारलं. म्हणाले, कोणालाही. नातवाने ते माझ्याकडे पाठवलं. वाक्य असं: "आम्ही बरे आहोत."

---

राजापूरकरीण | १० ऑगस्ट, रात्री ११:१५

काय लिहू. उद्या बोलते.

---

रोखठोक | ११ ऑगस्ट, सकाळी ८:३०

माझ्याकडे दोन जुने पण चालू लॅपटॉप पडून आहेत. कोथरूडचा_चहा जाणार असतील तर त्यांच्याबरोबर पाठवतो. प्लग गोल पिनांचे आहेत, पट्टी लागेल.

---

कोथरूडचा_चहा | ११ ऑगस्ट, सकाळी ९:००

१ सप्टेंबरची रुजू तारीख आहे. घेऊन जातो. गणपती हुकणार तेवढा.

---

झाकरी_वाकोआ | ११ ऑगस्ट, दुपारी १:००

हुकणार नाही. काही घरी सात, काही घरी अकरा दिवस असतो.

राजापूरकरीणताईंसाठी: वहीत तुमच्या नावाशी जुळणाऱ्या दोन नोंदी सापडल्या आहेत. बापाचे नाव एकीत जुळते, गाव दुसरीत जुळते. वयाचा घोळ आहे. संग्रहातल्या बाई पुढच्या आठवड्यात जहाजाची यादी काढून बघतील, घाईने काही समजू नका. पान वाढायचे की नाही ते तोवर थांबवा.

पुढचा वर्ग २३ ऑगस्टला, शनिवारी, सकाळी दहा ते साडेबारा. वाकोआ स्टेशनवर उतरा, तिथून मी गाडीने नेतो. एका खेपेला चार माणसे बसतात, म्हणून पावणेदहाच्या आत या. बोर्ड आणि प्रोजेक्टर आहे. नाचाची तालीम एक वाजता त्याच सभागृहात आहे, त्यामुळे साडेबाराला वायरी गुंडाळायच्या म्हणजे गुंडाळायच्या. बायका ढोलपुरी (डाळ भरलेली पोळी) आणणार आहेत. मोदकांचा सराव चालू आहे, जमले तर मिळतील.

---

निळी_छत्री | ११ ऑगस्ट, दुपारी १:१०

कोरेक. आम्ही तिघं येतोय. २८ ची रजा मंजूर झाली.

---

झाकरी_वाकोआ | ११ ऑगस्ट, दुपारी १:१२

२८ ला रजेची गरज नाही ताई, सुट्टीच आहे.